दसऱ्याला बंद पडलेली साईट

"काय मॅडम, दसरा झाला का जोरात?"

सावळीराम गायधनी उज्वलाला मॅडम म्हणाले की काहीतरी बिघडलेलं असतं. एरवी ते तिला पोरी म्हणायचे, तिची चाळिशी उलटली तरी. उज्वलानं फोन खांद्यात धरला आणि भाकरी थापत विचारलं, "काय झालं काका?"

"मी काय सांगू? तुम्ही सांगायचं. वणीवरनं साक्षीचा फोन आलता, शेतकरी कंपनीची ती. म्हणे तुमची साईट उघडत नाय. मी पण बघितली. पांढरं पान आन वर इंग्रजी. दुपारी बाई इथं येणार हाय. तिला काय दाखवू, पांढरं पान?"

"येते."

"लवकर या. नायतर माझ्या भाच्यानं पुण्याची एक पार्टी सांगून ठेवलीय. त्यास्नी फोन लावून ठेवतो."

फोन बंद झाला. उज्वलानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी भाजली, उतरवली, गॅस बंद केला आणि मग चप्पल घातली. हातातलं काम अर्धं टाकून उठायचं नाही, ही तिची रीत. घाईत उठलेला माणूस दोन कामं बिघडवतो, असं तिला वाटायचं.

जिन्यात तिनं मोबाईलवर साईट उघडून बघितली. पाचशे नंबरची एरर. याचा अर्थ एवढाच की सर्व्हरच्या आत कुठंतरी बिघाड आहे. कुठं, ते पान सांगत नाही. मशीनवर लाल दिवा लागावा आणि खाली काहीच लिहिलेलं नसावं, तसं.

उज्वला आहेर मूळची नांदगावची. लग्न होऊन सातपूरला आली आणि विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागली. समोर माल येणार, मापाचं गेज लावायचं, बसलं तर डावीकडं, नाही बसलं तर उजवीकडं. प्रेस मशीनच्या धडधडीत शेजारणीला ऐकू जावं म्हणून प्रत्येक नग मोठ्यानं बोलायचा : "भोक बरोबर. कड खराब. परत." तिथं बरीच वर्षं गेली. मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. टेबलावरच्या बायका घरी बसल्या.

उज्वलाला घरी बसणं जमलं नाही. श्रमिकनगरच्या एका क्लासात, कॉलेजच्या मुलांच्या मागच्या बाकावर बसून ती वेबसाईट तयार करायला शिकली. पटकन आलं नाही. समजलं नाही की ती पुन्हा विचारायची, तरी नाही समजलं की तिसऱ्यांदा. शिकवणारा कंटाळायचा, ती नाही. मोठ्यानं बोलत काम करण्याची सवय मात्र तिच्या अंगात मुरली होती. कॉम्प्युटरसमोरही ती बोलायची : "फाईल उघडली. ओळ बदलली. सेव्ह." क्लासातली पोरं हसायची. तिनं बोलणं सोडलं नाही. तोंडानं बोललं की हात खोटं करत नाही, असं ती म्हणायची.

पहिलं काम दिलं ते गायधन्यांनी. खरं तर त्यांच्या बायकोनं, चांगुणाकाकूंनी. द्राक्षबागेच्या फवारणी पंपाचे सुटे भाग ते बनवतात : नोझल, वॉशर, रबरी सील. "कागदावर नाव नाय, दाखवायला काम नाय, हिला कशाला द्यायचं?" असं सावळीराम म्हणाले होते. चांगुणाकाकू म्हणाल्या, "तुमच्या हातात पहिला लेथ दिला तवा तुमच्या नावाची कमान होती का सातपूरला?" तिथं विषय संपला. ती साईट नीट चालली, म्हणून शेजारच्या गाळेवाल्यानं दिली, मग त्याच्या मेव्हण्यानं. आता त्या गल्लीतल्या बऱ्याच गाळ्यांच्या साईट उज्वलाच सांभाळत होती.

म्हणून त्या सकाळी स्कूटरवर बसताना तिला पुढचं सगळं दिसत होतं. गायधन्यांनी काढून टाकलं असतं तर गल्लीला कळायला दुपारसुद्धा लागली नसती. बाकीचेही एकेक करून गेले असते. मग पुन्हा कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या माणसापुढं उभं राहायचं आणि पहाटेची बस धरायची.

दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. नवमीच्या संध्याकाळी, पूजेच्या आधी, तिनं त्या साईटचा ऑर्डर घेणारा भाग नवा करून बसवला होता. नंतर पहिलं पान उघडून बघितलं होतं, ते नक्की. ऑर्डरचं पान बघितलं होतं का? घरी पाहुणे आले होते. तिला आठवेना.

गाळ्यात दसरा अजून तसाच होता. दारावर झेंडूचं तोरण, लेथच्या गळ्यात हार, ड्रिल मशीनवर हळदीकुंकवाची बोटं. लेथच्या पांढऱ्या पट्टीवर कुंकवानं श्री काढलेली. तराजूवरही श्री. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला कुंकवाचा टिळा होता आणि वर एक सुकलेलं फूल.

"आल्या का मॅडम," सावळीराम दारातूनच म्हणाले. "या. तुमचीच वाट बघतोय. कालपासून एक ऑर्डर नाय. छाटण्या सुरू झाल्या, आता फवारणीला लोक सामान घेणार, आन आपलं दुकान बंद."

"अहो, तिला बसू तर द्या," चांगुणाकाकू आतून म्हणाल्या. "आल्याआल्या काय सुरू केलं?"

उज्वला बसली. लॉग आधी बघायचा, हा तिचा स्वतःचा नियम. कुठं काय अडलं ते सर्व्हर जिथं टिपून ठेवतो तो लॉग. पण भीती माणसाचा हात भलतीकडं नेते. ती सरळ आपल्याच कामाकडं वळली.

"ऑर्डरचा भाग बंद केला. पान उघडते." पाचशे. "जुना भाग परत बसवला. पान उघडते." पाचशे. "थीम बदलली." पाचशे.

सावळीराम मागं उभे होते. "मग? काय निघालं?"

"अजून नाही."

"जुनं सगळं टाक ना परत. आठवड्यामागचं हाय ना तुझ्याकडं ठेवलेलं?"

"आहे. पण ते टाकलं तर आठवड्यातल्या ऑर्डरी पुसल्या जातील. आणि कशानं बिघडलं ते कळणारच नाही. उद्या परत बिघडेल."

"उद्याचं उद्या बघू. बाई आज येतीय."

सर्व्हर ज्यांचा भाड्यानं घेतला होता त्यांना उज्वलानं विचारलं. तिकडून मोठं गोड उत्तर आलं की त्यांच्याकडं सगळं व्यवस्थित आहे, आणखी काही मदत हवी आहे का. सावळीराम बाहेर गेले. लेथपाशी उभं राहून त्यांनी फोन लावला. आवाज दबका ठेवायची त्यांना सवयच नव्हती. "हां, पुण्याची पार्टी का? आमच्या भाच्यानं, अमितनं नंबर दिला. साईटचं काम होतं... बरं, साहेबांना सांगा फोन करायला."

उज्वलाचे कान तापले. तिनं कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. तपासणीच्या टेबलावर नग चुकायला लागले की सुपरवायझर बाई असंच करायला लावायची. हात बाजूला ठेव, मग नीट बघ.

तिनं नीट बघितलं. आतापर्यंत तिनं पुष्कळ गोष्टी बदलल्या होत्या. त्यातली एकही मोजमाप घेऊन बदललेली नव्हती. ती धावपळ होती, काम नव्हतं.

"सगळं जसं होतं तसं करते," ती मोठ्यानं म्हणाली आणि केलं. "आता फक्त एक फोटो मागवते. वॉशरचा."

हे सोपं होतं आणि तिला आधीच सुचायला हवं होतं. साईटचं पान तयार व्हायला प्रोग्राम चालावा लागतो. ऑर्डरचा भाग हा तसाच प्रोग्राम. पण सर्व्हरवर ठेवलेला नुसता फोटो मागवायला प्रोग्राम लागत नाही. फडताळातली वस्तू काढून द्यावी तसा सर्व्हर तो देतो. फोटो आला तर बिघाड प्रोग्रामात, म्हणजे बहुतेक तिच्याच कामात.

फोटो आला नाही. तीच एरर.

उज्वलानं पुन्हा मागवला. पुन्हा तीच.

"फोटोसुद्धा येत नाही," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. म्हणजे बिघाड आत नव्हता, दारातच होता. तिनं नवमीला केलेलं काम दाराच्या बरंच आत होतं. तिचा हात यात नव्हता. एवढं कळल्यावर तिनं सकाळपासूनचा पहिला पूर्ण श्वास घेतला.

मग तिनं लॉग उघडला. एकच तक्रार ओळीनं पुन्हा पुन्हा होती. अमुक फाईलमध्ये असा हुकूम लिहिला आहे जो मला समजत नाही. हुकूम म्हणून जी अक्षरं दिली होती ती वाचता येण्यासारखी नव्हती, उलटेसुलटे आकडे आणि अक्षरं. पण फाईलचं नाव स्वच्छ होतं. ती दारावरची फाईल होती. कारखान्याच्या गेटवर वॉचमनकडं नियमांचा कागद असतो, कोणाला सोडायचं, कोणाला कुठं पाठवायचं. तसा सर्व्हरचा हा कागद. कोणीही आलं की सर्व्हर तो वरपासून वाचतो. त्यात न समजणारं काही आलं की तो कोणालाच आत सोडत नाही.

"फाईलींची यादी उघडली," उज्वला मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यात वरची फाईल. ती उघडते."

मागं कपबशी वाजली. चांगुणाकाकू चहा घेऊन उभ्या होत्या.

"सगळ्यात वरची?" त्या म्हणाल्या.

फाईल उघडली. इंग्रजी नियमांच्या डोक्यावर, पहिल्या ओळीत, मधोमध, दोन्हीकडं दोन दोन दंड देऊन लिहिलं होतं : ॥ श्री ॥

उज्वलानं वळून काकूंकडं बघितलं. काकूंनी कपबशी टेबलावर ठेवली आणि पदर नीट केला. पदर नीटच होता.

"काकू, हे तुम्ही?"

"काल पूजेला," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "लेथला लिहिली, ड्रिलला लिहिली, तराजूला लिहिली. मग म्हटलं, साईट पण वर्षभर राबती, तिला कुणी फूल वाहतं का? वाहणार तरी कुठं? म्हणून आत जाऊन लिहिली. नव्या वहीवर सगळ्यात वर लिहितो ना आपण, तशी सगळ्यात वरच्या फाईलीत, सगळ्यात वर."

आत जायचं कसं ते उज्वलानंच त्यांना शिकवलं होतं, नव्या भागांचे फोटो चढवायला.

"आणि लिहून झाल्यावर साईट बघितली नाही?"

"पूजा झाल्यावर हत्याराला हात लावत्यात का? बंद केला कॉम्प्युटर, वर टिळा लावला." काकू थांबल्या. "त्यानंच बंद पडली?"

उज्वलाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सकाळपासूनची सगळी भीती त्या हसण्याबरोबर बाहेर पडत होती. काकू घाबरून दाराकडं बघत म्हणाल्या, "हळू गं. त्यांना कळलं तर जन्मभर ऐकवतील."

"चूक अर्धी माझी आहे काकू. ही फाईल एरवी यादीत दिसत नाही. नवमीला मला लागली म्हणून मी उघडी केली आणि तशीच सोडून गेले. झाकली असती तर तुम्हाला दिसलीच नसती."

ओळ पुसायला एक क्षण पुरला असता. उज्वलाचं बोट पुसायच्या बटणावर गेलंही. काकू पडद्याकडं बघत होत्या. दसऱ्याची श्री, आणि दुसऱ्या दिवशी पुसायची. त्यांचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला होता.

उज्वलानं बोट मागं घेतलं. "ओळीच्या आधी एक खूण घालते," ती म्हणाली. आडव्या दोन रेघा, उभ्या दोन रेघा, एवढीच ती खूण. ज्या ओळीच्या आधी ती असते ती ओळ सर्व्हर वाचत नाही, सोडून पुढं जातो. माणसानं माणसासाठी लिहिलेल्या ओळी तिथं अशाच लिहितात. "सेव्ह. आता फोटो मागवते."

वॉशर आला. काळा, गोल, मधल्या भोकासकट.

"पहिलं पान." आलं. "नोझलचं पान." आलं. मग ती नवमीला केलेल्या कामाकडं वळली. "ऑर्डरचं पान." आलं. तेवढ्यावर ती थांबली नाही. आपल्या मोबाईलवरून तिनं एक सील मागवलं. बाहेर सावळीरामांच्या खिशात फोन टिंग वाजला.

ते धावतच आत आले. "ऑर्डर आली! कुणाची हाय... उज्वला आहेर, श्रमिकनगर." त्यांनी मान वर केली. "तुला कशाला पाहिजे सील? तुझी द्राक्षबाग कुठंय?"

"तपासून बघितलं काका. रद्द करते."

"म्हंजे झाली चालू?"

"झाली."

"काय होतं मग? तूच काहीतरी केलं आसणार नवमीला."

उत्तर उज्वलाच्या जिभेवर आलं होतं, पण ते देण्याचा हक्क तिचा नव्हता. चांगुणाकाकूंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि पुढं झाल्या.

"तिनं नाय. मी श्री लिहिली आत. त्यानं अडली."

सावळीरामांनी बायकोकडं बघितलं, मग लेथकडं. "हितं पण लिहिलीय की. लेथ नाय बंद पडला."

"लेथवर बाहेरून लिहिली काका," उज्वला म्हणाली. "काकूंनी साईटच्या गिअरबॉक्समध्ये हळद वाहिली."

ते सावळीरामांना लगेच समजलं. ज्यानं आयुष्यभर गिअरबॉक्स उघडले त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. "आन मी सकाळपासून हिच्या मागं लागलो. घरातच चोर!"

"चोर कोण?" चांगुणाकाकू उसळल्या. "तुम्ही काल साईटला काय वाहिलं? नारळ फोडला तो पण लेथपुढं. आन सकाळपासून मॅडम, मॅडम करून पोरीचा जीव काढला. आता म्हणा मॅडम."

"बरं बरं. मग पुसली का श्री?"

"नाही," उज्वला म्हणाली. "आहे तिथंच. सर्व्हरला वाचायची मनाई केली फक्त."

सावळीरामांनी पडद्याजवळ वाकून ती ओळ बघितली. खिशातून रुमाल काढून त्यांनी पडद्याचा कोपरा पुसला, टिळ्याला धक्का न लावता.

साक्षी आली ती एसटी स्टँडवरून रिक्षा करून, खांद्याला पिशवी आणि हातात जुना फोन. वणीकडच्या द्राक्षवाल्यांच्या कंपनीचं खरेदीचं काम तिच्याकडं होतं. ती खुर्चीवर बसली नाही. "माझ्या फोनवर उघडते का ते बघते आधी. आमच्या लोकांकडं असेच फोन आहेत," ती म्हणाली आणि बघू लागली. तिघंही तिच्या अंगठ्याकडं बघत उभे होते. अंगठा वर गेला, खाली आला, थांबला.

"सकाळी काय झालं होतं?"

सावळीरामांनी घसा साफ केला. "दसऱ्याची पूजा होती. मशीन बंद असतात आमच्याकडं."

चांगुणाकाकू दाराकडं तोंड करून तोरण नीट करू लागल्या.

"असं होय," साक्षी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "उघडतं पटकन. पण सीलचा नुसता फोटो आहे, माप नाही. आमचा माणूस फोटो बघून मागवणार आणि घरी गेल्यावर बसणार नाही. प्रत्येक भागाखाली माप टाका. मग मी सगळ्यांना इथूनच मागवायला सांगते."

"होईल," सावळीराम म्हणाले आणि वळले. "होईल ना पोरी?"

उज्वलाच्या खांद्यांवरचं ओझं त्या एका शब्दानं उतरलं. "होईल," ती म्हणाली. "पण मापं मी अंदाजानं टाकणार नाही. प्रत्येक नग समोर ठेवा, मापायला व्हर्नियर द्या. मोजून टाकते."

साक्षीला सोडायला काकू दारापर्यंत गेल्या. उज्वलानं पुन्हा एकदा फाईलींची यादी उघडली. "दारावरची फाईल झाकली," ती म्हणाली. यादी पुन्हा उघडून फाईल दिसत नाही ना, ते बघितलं. मग ऑर्डरचं पान आणखी एकदा. आता आठवायचा प्रश्न उरला नव्हता.

सावळीरामांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि तिथंच, तिच्यासमोर उचलला.

"हां साहेब, पुण्याहून ना? सकाळी मीच लावलता. नाय, नाय, आता गरज नाय. हितं सातपूरलाच माणूस हाय आमचं... काय बिघडलं होतं?" त्यांनी बायकोकडं बघितलं. ती डोळे वटारून उभी होती. "बिघडलं कुठं? देव आत शिरून बोलायला लागलता. आमच्या पोरीनं त्याला गप्प बसवलं."

चांगुणाकाकूंनी कपबशी उचलली. चहा गार झाला होता, वर साय आली होती. "दुसरा करते," त्या म्हणाल्या, "आन त्या डब्यात तुझ्यासाठी सोनं ठेवलंय कालपासून. सकाळच्या गडबडीत द्यायचंच राहिलं."

आपट्याची पानं एका दिवसात थोडी वाळली होती. उज्वलानं ती घेतली, काकूंच्या पाया पडली, आणि व्हर्नियर उघडून पहिलं सील हातात घेतलं.

"बाहेरचा व्यास," ती मोठ्यानं म्हणाली. "काका, लिहा."